बोनस हातात येताना कमी का होतो?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की कारखान्यांत, कचेऱ्यांत, बँकांत एकच विषय चर्चेला असतो. यंदा बोनस किती? आकडा जाहीर होतो आणि मनातल्या मनात त्याची वाटणीही होऊन जाते. मुलांचे कपडे, घराला रंग, राहून गेलेला एखादा हप्ता, जमलेच तर एखादा ग्रॅम सोने. मग पगाराची चिठ्ठी येते. जाहीर झालेला आकडा एक आणि बँकेत जमा झालेली रक्कम दुसरीच. मधल्या रकान्यात तीनच अक्षरे असतात, टीडीएस. ‘बोनसवर सरकार जास्त कर लावते’ हे वाक्य त्या दिवशी हमखास ऐकू येते. कुणी म्हणतो तीस टक्के गेले, कुणी म्हणतो पगार विभागाने घोळ केला.

आज आपण हा हिशेब शांतपणे समजून घेऊ या. त्यातल्या दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पहिली, आपल्या आयकर कायद्यात बोनससाठी वेगळा, चढा असा दर नाही. दुसरी, बोनसमधून कापलेली रक्कम हा शेवटचा कर नसतो. तो वर्षभराच्या करापोटी आगाऊ जमा केलेला हप्ता असतो. हिशेब वर्षाच्या शेवटी, विवरणपत्रात मिटतो. मग बोनसच्या महिन्यात कात्री एवढी मोठी का दिसते, आणि ती कधी खरोखरच मोठी असते, हे पाहण्यासारखे आहे.

बोनस म्हणजे पगारच

बोनस ही मालकाने खुशीने दिलेली भेट आहे, तिच्यावर कसला कर, असे अनेकांना वाटते. हा वाद मुंबईला नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांनी नफ्यातून कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे तो बंद झाला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्या वेळच्या चौकशी समितीने बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क मानला नाही. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा घातली; किमान बोनस पुढे ८.३३ टक्के झाला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजेच एका महिन्याचा पगार. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या वेतन संहितेत सामावला गेला, पण या दोन्ही टक्केवाऱ्या तशाच राहिल्या.

म्हणजे बोनस ही मेहेरबानी नसून कामाचा मोबदला आहे, हे कामगारांनी भांडून मिळवले. आयकर खातेही त्याकडे मोबदला म्हणूनच पाहते. महापालिकेत त्याला सानुग्रह अनुदान म्हणतात, रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस म्हणतात, खासगी कंपनीत कामगिरीचा बोनस म्हणतात. नाव काहीही असो, नोकरीमुळे मिळालेला रोख पैसा हा पगाराच्या उत्पन्नात मिळवला जातो. मिठाईचा डबा किंवा एखादी वस्तू यांसारख्या वस्तुरूप भेटीला एका लहान मर्यादेपर्यंत सूट आहे, रोख रकमेला नाही.

आणखी एक लक्षात ठेवावे. बोनस मागच्या वर्षाच्या कामाचा असला, तरी तो यंदा जाहीर होऊन यंदा मिळाला तर यंदाच्याच उत्पन्नात धरला जातो.

कापणारा काय करतो?

पगार देणाऱ्याने कर कापून मगच पगार द्यायचा, ही पद्धत जुनी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ती १९२ व्या कलमात होती. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदलले नाही. ते तत्त्व असे. मालकाने वर्षाच्या सुरुवातीला कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज करायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि तो दर महिन्याला थोडा थोडा कापायचा. मध्येच अंदाज बदलला, तर पुढच्या महिन्यांत कपात कमी-जास्त करून वर्षाच्या आत हिशेब जुळवायचा.

इथेच बोनसचे कोडे सुटते. एप्रिलमध्ये अंदाज करताना बोनस किती मिळणार हे बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे तो अंदाजात नसतो. ऑक्टोबरात तो एकदम येतो आणि अंदाज बदलतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका कारखान्यातील अभियंत्याला महिना सव्वा लाख, म्हणजे वर्षाला १५ लाख रुपये पगार आहे आणि तो नव्या करपद्धतीत आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर घेऊ. त्यात पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. उरले १४ लाख २५ हजार. आता डोळ्यांसमोर ओळीने ठेवलेले डबे आणा. पहिला डबा ४ लाखांचा, त्यावर कर नाही. दुसरा ४ ते ८ लाखांचा, त्यावर ५ टक्के. तिसरा ८ ते १२ लाखांचा, त्यावर १० टक्के. चौथा १२ ते १६ लाखांचा, त्यावर १५ टक्के. पुढच्या दोन डब्यांवर २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. एक डबा भरला की पैसा पुढच्या डब्यात पडतो. आधीच्या डब्याचा दर त्यामुळे बदलत नाही.

आपल्या अभियंत्याचा हिशेब असा: दुसऱ्या डब्याचे २० हजार, तिसऱ्याचे ४० हजार, चौथ्यात पडलेल्या सव्वादोन लाखांवर ३३,७५० रुपये. एकूण ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ९७,५०० रुपये. बाराने भागले की महिन्याला ८,१२५ रुपये. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एवढीच कपात होत राहिली.

ऑक्टोबरात त्याला एक लाख रुपये बोनस मिळाला. आधीचे तिन्ही डबे पगारानेच भरून गेले आहेत. त्यामुळे बोनसचा प्रत्येक रुपया चौथ्या, १५ टक्क्यांच्या डब्यात पडतो. जादा कर १५ हजार, त्यावर उपकर ६००, म्हणजे १५,६०० रुपये.

आता पाहा, गैरसमज कुठे होतो. १५ लाखांच्या पगारावर ९७,५०० रुपये कर, म्हणजे सरासरी साडेसहा टक्के. बोनसवर मात्र १५.६ टक्के. माणसाला वाटणारच की बोनसवर दुपटीहून अधिक कर लावला. प्रत्यक्षात त्याच अभियंत्याला बोनसऐवजी एक लाखाची पगारवाढ मिळाली असती, तरी कर १५,६०० रुपयेच वाढला असता. बोनस शेवटी येतो म्हणून तो सर्वांत वरच्या डब्यात पडतो, एवढेच. ज्याचे उत्पन्न २४ लाखांच्या पुढे आहे, त्याच्या बोनसवर ३० टक्के आणि उपकर लागतो, तोही याच कारणाने. ‘बोनसवर तीस टक्के’ ही समजूत बहुधा अशाच कुणाच्या तरी चिठ्ठीवरून पसरते.

एकदम की हप्त्याने?

हे १५,६०० रुपये कापण्याच्या दोन रीती आहेत. काही ठिकाणी ते सगळे बोनसच्या महिन्यातच कापतात. मग ऑक्टोबरच्या चिठ्ठीत ८,१२५ च्या जागी २३,७२५ रुपये टीडीएस दिसतो आणि धक्का बसतो. काही ठिकाणी तीच रक्कम ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत वाटतात. मग दरमहा २,६०० रुपये जास्त, म्हणजे १०,७२५ रुपये कापले जातात. बोनस जवळजवळ पूर्ण हातात येतो, पण पुढचे सहा पगार किंचित आखूड होतात. दोन्ही रीतींत मार्चअखेर कापलेली एकूण रक्कम एकच, १ लाख १३ हजार १०० रुपये. तिसराही प्रकार असतो. नेमणूक पत्रातच ठरावीक बोनस लिहिलेला असेल, तर तो एप्रिलच्या अंदाजातच धरला जातो आणि दिवाळीत वेगळी कपात दिसत नाही.

म्हणून बोनस खर्च करण्याआधी पगार विभागात एक प्रश्न विचारावा: कर यातूनच कापला की पुढे कापणार? पुढे कापणार असतील, तर जानेवारी ते मार्चचे पगार कमी येतील हे धरूनच हप्ते आणि सहली ठरवाव्यात.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलामुलींकडूनही ‘बोनसवर जास्त कर’ ही तक्रार ऐकू येते. तिथे दहा लाख डॉलरपर्यंतच्या बोनसवर सरसकट २२ टक्के केंद्रीय कर कापण्याची मुभा मालकाला आहे. ज्याचा खरा दर त्याहून कमी असतो, त्याची कपात जास्त होते. पण तिथेही ती कपातच. खरा कर वार्षिक विवरणपत्रातच ठरतो आणि जास्तीचे पैसे परत मिळतात.

बारा लाखांचा कडा

आता त्या जागेकडे येऊ, जिथे बोनस खरोखरच खूप कापला जातो, आणि तोही नियमाप्रमाणे. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६० हजारांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराचे प्रमाणित वजावटीचे ७५ हजार मिळवले, तर पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर काहीच कर नाही. ही सूट मोठी आहे, पण बारा लाखांच्या पुढे गेले की तिचा कडा तुटतो.

समजा, एका बाईंचा वर्षाचा पगार १२ लाख ६० हजार आहे. वजावट जाऊन करपात्र उत्पन्न ११ लाख ८५ हजार, म्हणून कर शून्य. सहा महिने चिठ्ठीत टीडीएसचा रकाना कोरा. दिवाळीत ६० हजार बोनस मिळाला. करपात्र उत्पन्न झाले १२ लाख ४५ हजार. डब्यांप्रमाणे कर येतो ६६,७५० रुपये. बोनसपेक्षा कर जास्त! असे होऊ नये म्हणून कायद्यात एक आधार ठेवला आहे, ज्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. बारा लाखांवर जेवढी रक्कम गेली, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे इथे कर ४५ हजार. त्यावर उपकर १,८००. एकूण ४६,८००. साठ हजारांच्या बोनसपैकी बाईंच्या हाती उरले १३,२०० रुपये. गंमत अशी की बोनस फक्त १५ हजार मिळाला असता, तर तो पूर्ण हाती आला असता.

करपात्र उत्पन्न १२ लाख ते सुमारे १२ लाख ७० हजार यांच्या मध्ये असलेल्यांना हा फटका बसतो. त्याच्या पुढे नेहमीचे डब्यांचे गणित सुरू होते. अशा काठावरच्या माणसांनी बोनस येण्याआधीच कागद-पेन्सिल घेऊन बसावे. नव्या पद्धतीत गुंतवणुकीच्या बहुतेक वजावटी नाहीत, पण एक शिल्लक आहे. मालकाने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये भरलेली रक्कम मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या कंपनीत ही सोय असेल आणि वर्ष संपण्याआधी पगारातले ४५ हजार त्या वाटेने वळवता आले, तर करपात्र उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर येते आणि ४६,८०० रुपयांचा कर शून्य होतो. अर्थात ते पैसे निवृत्तीसाठी अडकतात. घरात आजच पैशाची निकड असेल, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही, हेही समजून घ्यावे. आणि तो मालकामार्फतच जायला हवा. स्वतः बँकेतून भरलेल्या रकमेला नव्या पद्धतीत ही वजावट मिळत नाही.

जुन्या पद्धतीत राहिलेल्यांचे गणित वेगळे. तिथे पीपीएफ, विमा, घरकर्ज यांच्या वजावटी आहेत, म्हणून बोनसमधली काही रक्कम ३१ मार्चपूर्वी तिकडे वळवण्याला अर्थ असतो. मात्र २०२३-२४ पासून आपण काहीच कळवले नाही, तर नवीच पद्धत धरली जाते.

ज्यांना कर लागूच नाही

सर्वांत कळकळीची गोष्ट कमी पगाराच्या माणसांसाठी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुना बोनस कायदा दरमहा २१ हजारांपर्यंतच्या पगारदारांना लागू होता. वर्षाचे अडीच लाखांच्या आसपास. एवढ्या उत्पन्नावर आयकर नाही, मग बोनसमधून टीडीएस कसला? २०२५ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला, त्याची कमाल रक्कम १७,९५१ रुपये होती. एवढ्या बोनसने कुणी कमी पगाराचा माणूस करपात्र होत नाही. म्हणून सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कंत्राटी कामगार यांच्या बोनसमधून कुणी ‘टॅक्स’ म्हणून काही कापले, तर कशाबद्दल कापले हे लेखी विचारावे. व्यवसाय कर हा राज्याचा आहे, त्याचा बोनसच्या आयकराशी संबंध नाही.

करपात्र उत्पन्न असणाऱ्यांनी आपला पॅन मालकाकडे नीट नोंदला आहे आणि तो आधारशी जोडलेला आहे, हे पाहावे. पॅन नसेल किंवा निष्क्रिय झाला असेल, तर कमी दराचा हिशेब लागू न होता २० टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. नोकरी बदलली असेल, तर जुन्या ठिकाणचा पगार आणि बोनस नव्या मालकाला कळवावा. नाहीतर दोघेही आपापल्या हिशेबात रिकामे डबे धरतात, दोघेही कमी कापतात, आणि विवरणपत्राच्या वेळी हजारो रुपये एकरकमी भरायची पाळी येते. ही राहिलेली रक्कम १० हजार किंवा त्याहून जास्त असली, तर वर व्याजही लागू शकते. बँकेतल्या ठेवींचे व्याजही विसरू नये. आपण कळवल्याशिवाय मालकाच्या हिशेबात ते येत नाही, पण बारा लाखांचा कडा ओलांडायला तेवढेही पुरते.

कापले, पण भरले का?

शेतकरी जसा सातबारा पाहतो, तसा नोकरदाराने आपल्या कराचा उतारा पाहावा. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर किती कर जमा झाला हे दिसते. इतकी वर्षे आपण त्याला २६ एएस म्हणत आलो. खासगी मालकाने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे विवरण ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे असते. म्हणून दिवाळीतल्या कपातीची नोंद फेब्रुवारीत पाहावी. चिठ्ठीवरचा आकडा आणि उताऱ्यावरचा आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही, तर पगार विभागाला लगेच लेखी कळवावे. वर्ष संपल्यावर मालकाकडून कपातीचे प्रमाणपत्रही घ्यावे, जे फॉर्म १६ म्हणून आपल्याला माहीत आहे.

कपात जास्त झाली असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. कर लागत नाही म्हणून विवरणपत्र कशाला, असे म्हणून अनेकजण स्वतःचेच पैसे सोडून देतात. तसे करू नये.

आणि मालकाने कर कापला, पण भरलाच नाही तर? कायदा इथे नोकरदाराच्या बाजूने उभा आहे. ज्या पगारातून कर कापला गेला, त्या रकमेसाठी खाते पुन्हा कर्मचाऱ्याकडे मागणी करू शकत नाही. ती वसुली मालकाकडून व्हायची. पण त्यासाठी कर कापला गेला होता हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. तेव्हा दिवाळीच्या महिन्याची पगाराची चिठ्ठी आणि बोनस जमा झाल्याची बँकेची नोंद, हे दोन कागद घरच्या फाइलमध्ये जपून ठेवा. वेळ आली तर तेच दोन कागद आपल्या बाजूने बोलतील.